पन्नास हर्ट्झ आणि षड्ज

रेकॉर्ड प्लेयरचा इतिहास आपल्याकडे सहसा गायकांच्या बाजूने सांगतात. मी तो मोटरच्या बाजूने सांगणार आहे. माझी सगळी नोकरी विजेच्या उपकेंद्रात गेली. दर तासाला पॅनेलवरचे आकडे वहीत उतरवायचे, आणि त्यात एक रकाना फ्रिक्वेन्सीचा. ती ५० हर्ट्झ असावी असा नियम. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत संध्याकाळचे दिवे लागले की काटा खाली सरकायला लागायचा. ४९ च्याही खाली जायचा. मागणी जास्त, निर्मिती कमी, त्यामुळे सगळीच जनित्रं मिळून मंदावत. आम्हाला त्याची सवय झाली होती. माझ्या बायकोला मात्र ते घरबसल्या ऐकू यायचं.

याचं कारण रेकॉर्ड प्लेयरच्या पोटात आहे. त्या काळी घरोघरी असलेल्या प्लेयरांत आणि रेडिओग्रामांत साधी एसी मोटर असे, आणि एसी मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीच्या मागे जातो. चार पोलच्या सिंक्रोनस मोटरचं उदाहरण घ्या. ती ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे घेते. एलपीला हवेत ३३⅓. म्हणजे वेग ४५ पटींनी कमी करायचा. त्याच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे मोटरचा दांडा आणि थाळीची कड यांच्यामध्ये रबरी चाक बसवायचं. इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचं १९५४ चं ३०१ मॉडेल या पद्धतीचं, आणि ते अजूनही लोक जीव टाकून सांभाळतात. दुसरी पद्धत रबरी पट्ट्याची. चाकातून मोटरची थरथर थेट थाळीत येई आणि तबकडीच्या गाण्याखाली घरघर ऐकू येई. पट्टा ती थरथर अडवायचा, पण आपल्या उन्हाळ्यात तो ताणला जायचा, चिकट व्हायचा, तुटायचा. एक उणीव दोन्हींत होती. वीज मंदावली की गाणं उतरायचं.

किती उतरायचं? ४८.५ हर्ट्झला वेग तीन टक्क्यांनी घटतो. सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने खाली. याहून बारीक हिशेब करायचा तर ८१/८० हे गुणोत्तर घ्या. श्रुतिशास्त्रात याला प्रमाणश्रुती म्हणतात. सव्वा टक्क्याचा फरक. काटा ४९.३८ वर आला की एलपीवरचा षड्ज बरोबर एका प्रमाणश्रुतीने उतरतो.

हे गणित मिरजेत राहून सुचलं नसतं तरच नवल. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं हे गाव. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरुसात अजून तिथे गाणं होतं. शेजारच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन बावीस श्रुतींचं मोजमाप केलं आणि १९१० साली त्यावर पुस्तक काढलं. ज्या परिसरात श्रुती मोजून झाल्या, तिथे तीन टक्क्यांची चूक दर संध्याकाळी घरात शिरायची आणि कुणी काही करू शकत नव्हतं.

आमच्या घरी किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी होती. बायको त्या तबकडीबरोबर तंबोरा मिळवून रियाज करायची. सकाळी जुळलेला तंबोरा संध्याकाळी जुळत नसे. क्वार्टर उपकेंद्राच्या आवारातच होतं. मी ड्यूटीवरून फोन करून सांगायचो, "आत्ता बरोबर पन्नास आहे." ती लगेच तबकडी लावायची, षड्ज हार्मोनियमवर ताडून बघायची आणि पट्टी कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची. हळूहळू सगळ्या एलपींवर अशा नोंदी झाल्या. पुढे त्या फार उपयोगी पडल्या.

ही अडचण दूर करणारं यंत्र जपानमध्ये तयार झालं, आणि तेही निराळ्याच कारणासाठी. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घरघर घालवायची होती. त्यांनी चाक आणि पट्टा दोन्ही काढून टाकले आणि मोटरलाच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरायला लावलं. थाळी थेट मोटरच्या दांड्यावर. सांगायला सोपं, करायला अवघड. मोटर वेगात असली की स्वतःच्या वजनानेच एकसारखी फिरते. सेकंदाला जेमतेम अर्ध्या फेऱ्याच्या गतीने ती अडखळत जाते. म्हणून तिच्यावर पाळत ठेवणारं सर्किट लागतं. फिरण्यातूनच एक बारीक सिग्नल काढायचा, तो ठरलेल्या वेगाशी ताडायचा, मोटर मागे पडली की जोर द्यायचा, पुढे गेली की आवरायचं. माझ्यासारख्याला हे ओळखीचं वाटतं, कारण वीजघरातल्या टर्बाइनवरचा गव्हर्नर हेच काम करतो.

१९७० साली टेक्निक्स या नावाने एसपी-१० बाजारात आलं. ते स्टुडिओच्या ऐपतीचं होतं. १९७२ च्या एसएल-१२०० ने ही मोटर घरात आणली. पुढची कहाणी जगभर माहीत आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या तरुणांना कळलं की या थाळीला हाताने मागेपुढे करता येतं, सोडली की ती क्षणात वेग धरते, पट्ट्यासारखी घसरत नाही. त्यातून हिपहॉपचं वादन उभं राहिलं. ती कहाणी मोठीच आहे, पण तिच्या प्रकाशात या घराण्यातली स्वस्त यंत्रं कुणाला दिसत नाहीत, याची मला खंत वाटते. डीजेचं एसएल-१२०० संग्रहालयात ठेवतात. बैठकीच्या खोलीतलं एसएल-डी२ भंगारात जातं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वेग सांभाळणारं ते सर्किट चिपमध्ये मावायला लागलं आणि स्वस्त झालं. टेक्निक्सने तीन भावंडं काढली. डी१ मध्ये सगळं हाताने करायचं, डी२ मध्ये तबकडी संपली की आर्म आपोआप जागेवर परत येतो, डी३ पूर्ण स्वयंचलित. यांत महागड्या यंत्रांतला क्वार्ट्झ नव्हता. सांगाडा हलका, झाकणाच्या बिजागऱ्या नाजूक. पण मोटरचं तत्त्व तेच. पायोनियर आणि इतर जपानी कंपन्यांनीही असेच स्वस्त प्लेयर काढले. स्थिर सूर पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो या यंत्रांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे ही यंत्रं दुकानात उघड मिळत नव्हती. परदेशी इलेक्ट्रॉनिक माल यायचा तो बहुतेक सामानातून, आखातातल्या नाहीतर जहाजावरच्या माणसांबरोबर, जकात भरून. माझा मेहुणा बोटीवर होता. त्याने सिंगापूरहून डी२ आणलं. खोकं उघडून थाळी उचलली आणि म्हणाला, "दाजी, ह्याला पट्टाच नाही. बिघडायचं काय?" मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायचा स्विच होता. तो २२०-२४० वर केला आणि ऐन संध्याकाळी भूप लावला. बायकोने हार्मोनियमची पट्टी दाबली. कव्हरवरच्या पेन्सिलीच्या नोंदीशी षड्ज जुळला. त्या वेळी फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली होती, हे मी नुकतंच वहीत लिहून आलो होतो. एसी आत शिरल्यावर तिचं डीसी होतं, आणि तिथून पुढे वेग ठरवतं ते सर्किट. ग्रिडचा त्याच्याशी संबंध उरत नाही. इंजिनियर म्हणून मला हे कागदावर कळत होतं. तरी तो जुळलेला षड्ज ऐकून माझे डोळे भरून आले.

गंमत अशी की या यंत्रावर वेग तपासायला दिलेला दिवा मात्र ग्रिडवरच चालतो. थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी असतात. ५० हर्ट्झवर निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ च्या ओळीत १८० ठिपके. वेग बरोबर असेल तर ते स्थिर दिसतात. पण वीज ४८.५ वर असेल तर दिवा ९७ वेळाच लुकलुकणार आणि बरोबर फिरणारी थाळी पुढे पळताना दिसणार. पिचचं बटण फिरवून ठिपके थांबवले की गाणं तीन टक्क्यांनी उतरलंच. ओळखीच्या ज्यांच्याकडे अशी यंत्रं होती त्या सगळ्यांना मी सांगायचो की ठिपके दुपारी बघा, नाहीतर उत्तररात्री. संध्याकाळी कान वापरा. पेन्सिलीच्या नोंदी इथे कामी आल्या.

पट्टा नसला तरी देखभाल आहेच. डी२ मध्ये पहिली खोड काढतो तो पिचचा व्हेरिएबल रेझिस्टर. त्याच्या कार्बनच्या पट्टीवर काजळी बसते आणि वेग मध्येच दचकतो. लोकांना वाटतं मोटर गेली, आणि चांगलं यंत्र फेकलं जातं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वारंवार फिरवलं की बहुतेक वेळा काम होतं. दुसरी खोड आर्म परत आणणाऱ्या दांड्या-चक्रांची. तिथलं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट होतं. जुनं पूर्ण पुसून काढायचं, स्पिरिटने धुवायचं आणि नवं अगदी थोडं लावायचं. बेअरिंगला पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. पावसाळ्यात मिरजेच्या हवेत हेडशेलच्या टोचण्यांवर हिरवट थर चढतो आणि एका बाजूचा आवाज जातो. मऊ खोडरबराने त्या घासाव्या. कपॅसिटर बदलायची वेळ आली तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. चिप मात्र सहज मिळत नाही, म्हणून थाळी काढून आत हात घालण्यापूर्वी मी प्लग उपसतोच.

पिनेच्या बाबतीत काटकसर करू नये. झिजलेला हिरा तबकडीची खाच कायमची कुरतडतो, आणि भूपाची ती एलपी पुन्हा कोण छापणार?

२००२ च्या जुलैत पश्चिम विभागाच्या ग्रिडमध्ये नवी दरपद्धती आली. फ्रिक्वेन्सी पडलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जबर पैसे मोजावे लागू लागले. काटा सावरला. २०१३ च्या अखेरीला दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेलं आणि सगळा देश एका लयीत आला. आज डी२ चे ठिपके संध्याकाळीही जागचे हलत नाहीत. पण तोवर कॅसेटने आणि मग सीडीने एलपी घरांतून घालवली होती. जुन्या एसी मोटरच्या प्लेयरांना चांगली वीज मिळाली ती अशी उशिरा. टेक्निक्सनेही २०१० मध्ये एसएल-१२०० चं उत्पादन थांबवलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. नव्याची किंमत ऐकून मी डी२ च्या बिजागऱ्यांना आणखी एकदा चिकटवलं.

सध्या आमच्या घरात वाद चालू आहे तो अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एलपीवरून. मूळ ध्वनिमुद्रणं ७८ च्या तबकड्यांची, आणि त्या काळच्या तबकड्या नेमक्या ७८ नेच कापल्या जात असं नाही. एलपीवर उतरवताना कोणता वेग धरला होता, ते कव्हर सांगत नाही. बायकोचं म्हणणं, आवाज किंचित चढा वाटतो, पिच दोन टक्के खाली घ्या. मी म्हणतो, खाँसाहेबांचा आवाज बारीकच होता, आहे तसं राहू द्या. तिने दोन्ही पट्ट्या कव्हरवर लिहून ठेवल्या आहेत, आणि उरुसाला जुने जाणकार येतील तेव्हा त्यांना दोन्ही ऐकवायचं ठरलं आहे.