उपचारात चूक झाल्याची शंका आल्यास कुटुंबाने काय करावे?

फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या आसपास दवाखाने, लॅब आणि औषधांची दुकाने हाकेच्या अंतरावर आहेत. आजार वाढला की रुग्णाला इंदूरला नेतात. एकाच आजारात दोन शहरे, तीन-चार डॉक्टर आणि तितक्याच फायली होतात. अशा वेळी काही बिघडले तर ते नेमके कुठे, हे कळत नाही. घरात दुःख असते, राग असतो आणि महत्त्वाचे पहिले दिवस निघून जातात. म्हणून समाजातील सभासदांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

चूक, गुंतागुंत आणि निष्काळजीपणा

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. योग्य उपचार करूनही रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो, ती गुंतागुंत. चुकीचे औषध किंवा चुकीची मात्रा दिली जाणे ही चूक. सर्वसाधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढीही न घेतल्याने इजा झाली, तर कायदा त्याला निष्काळजीपणा म्हणतो. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

एक जुना खटला

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो गेला. आईवडिलांनी दावा लावला. भरपाई ठरली ३,००० रुपये. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तो निकाल कायम ठेवला. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी काळजी घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने सांगितले. आजही वकील याच निकालापासून सुरुवात करतात.

पहिले काम : रुग्ण आणि कागद

रुग्ण दाखल असेल तर आधी त्याची प्रकृती. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे, तो वापरावा. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे विचारावे : काय झाले? का झाले? आता पुढे काय करणार? घरातील एकानेच बोलावे, दुसऱ्याने तारीख-वेळेसह लिहून घ्यावे. अनेकदा याच बोलण्यात गैरसमज दूर होतो.

त्याच दिवशी कागदांसाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. केवळ डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नये. केस पेपर, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, संमतिपत्र, तपासण्यांचे अहवाल आणि बिले, सर्व मागावे. मूळ कागद कोणाला देऊ नयेत.

मृत्यू अनपेक्षित असेल आणि शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी अंत्यसंस्काराआधीच करावी. हा निर्णय फार कठीण असतो, पण नंतर तो घेता येत नाही.

तक्रार कुठे करावी?

- रुग्णालय : प्रथम अधीक्षक किंवा व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार. नर्सिंग होमबद्दल सीएमएचओ कार्यालयातही देता येते.
- मध्यप्रदेश मेडिकल कौन्सिल, भोपाळ : डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल. कौन्सिल ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी निलंबित करू शकते. भरपाई देत नाही.
- जिल्हा ग्राहक आयोग : भरपाईसाठी. १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यात येत नाहीत. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे उपचार इंदूरला झाले तरी अर्ज उज्जैनला चालतो. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ग्राहक हेल्पलाइन : १९१५.
- पोलीस : केवळ गंभीर निष्काळजीपणासाठी. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी आधी तटस्थ डॉक्टरांचे मत घ्यायचे असते.

अर्ज हिंदीत लिहावा. तारखांच्या क्रमाने, दोन पानांत, विशेषणांशिवाय.

काय टाळावे?

रुग्णालयात तोडफोड किंवा हात उचलणे हा मध्यप्रदेशात २००८ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात मूळ तक्रार मागे पडते आणि आपलीच मुले कोर्टात उभी राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांचे नाव टाकून आरोप करू नयेत. न वाचता तडजोडीच्या कागदावर सही करू नये.

आधीची तयारी

घरातील प्रत्येक ज्येष्ठाची एक फाईल असावी. पहिल्या पानावर चालू औषधे, मात्रा, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे आणि झालेली ऑपरेशने लिहावीत. इंदूरला निघताना ती बरोबर घ्यावी. औषधांच्या कितीतरी चुका हे एक पान वेळेवर दाखवल्याने टळतात.