पाणी, पानी आणि शिफ्टची कळ

चार मराठी सॉफ्टवेअरवाले एकत्र बसले की विषय ठरलेले असतात. कालचं बिल्ड का मोडलं, अमुक गाण्याची चाल मुळात कुठली, आणि घरमालकानं यंदा भाडं किती वाढवलं. अशा गप्पांना काही इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. पण आपण गप्पा टाइप करून मारायला लागलो, म्हणजे साधारण १९९० नंतर, तेव्हापासून त्यांना चांगला तांत्रिक इतिहास आहे. मी गोंदिया जिल्ह्यातला असल्यामुळे मला तो जरा वेगळ्या बाजूनं दिसतो. या शनिवारी तोच.

आधी गोंदिया. मुंबई-हावडा मार्गावरचं, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचं जंक्शन. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून, नागपूरवरून येऊन इथं थांबते, म्हणून पुण्यातल्या आयटीवाल्यांना निदान गाडीच्या पाटीवरून तरी गाव माहीत असतं :-) जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे माझ्याहून थोडासाच लहान. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. बाजारात हिंदी, कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी गोंडी, आणि गावोगाव झाडीबोली.

झाडीबोली म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यातली मराठी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा शब्दकोश केला आहे. अभ्यासक सांगतात की या बोलीत ण, छ, ळ, श आणि ष ही पाच व्यंजनं नाहीत. पाणी नाही, पानी. शेत नाही, सेत. डोळा नाही, डोरा. ही पाच अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता कॉम्प्युटरकडे येऊ.

जुन्या ईमेल आणि यूजनेटचा सगळा कारभार ॲस्कीवर चालायचा. सात बिट, १२८ खुणा, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं. देवनागरीला जागाच नाही. आपल्याकडे १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्यात आठवा बिट वापरून वरच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना दिल्या होत्या. पण वाटेतला एखादा मेल सर्व्हर आठवा बिट कापून टाकायचा आणि पत्राचा भुगा व्हायचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी चार महानगरांत. त्यामुळे सुरुवातीच्या या लेखी गप्पा मारणारे बरेचसे आपले लोक अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत होते. त्यांना मराठी-हिंदी लिहायची तर रोमनशिवाय इलाज नव्हता.

आणि त्यांना लिहायचं काय होतं? गाणी! यूजनेटवर भारतीय संगीताचे दोन गट होते. शास्त्रीय संगीताचा एक, आणि दुसरा 'आरएमआयएम' या नावानं ओळखला जाणारा, जिथं प्रामुख्यानं चित्रपटगीतांवर चर्चा चालायची. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री कुठल्या अंतऱ्यात कुठला शब्द आहे यावर वाद घालायचा. मात्र गाण्याचे शब्द नुसत्या ढोबळ रोमनमध्ये लिहिले की घोळ होतो. त आणि ट एकच, द आणि ड एकच, न आणि ण एकच.

याच सुमारास, १९९१ मध्ये, अविनाश चोपडे यांचा आयट्रान्स आला. कल्पना साधी. रोमनमध्येच लिहायचं, पण नियमानं. साधा एन म्हणजे न, कॅपिटल एन म्हणजे ण. साधा एल म्हणजे ल, कॅपिटल एल म्हणजे ळ. च ला सी-एच, तर छ ला त्यात आणखी एक एच. अशा नियमानं लिहिलेलं माणसाला तसंच वाचता यायचं, आणि प्रोग्राममधून काढलं की छापायला खरीखुरी देवनागरी मिळायची. गाणंवाल्यांनी ही पद्धत उचलली आणि त्यातून गाण्यांचं मोठं संकलन उभं राहिलं, आयट्रान्स साँग बुक. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर खुणांची पट्टी असे: शीर्षक, चित्रपट, वर्ष, गायक, संगीतकार, गीतकार. म्हणजे मेटाडेटा! नोकरीत डॉक्युमेंटेशन म्हटलं की आपल्या पोटात दुखतं, पण गाण्यासाठी याच जमातीनं ते हौसेनं केलं.

इथं एक गंमत. आयट्रान्सच्या आधी, १९८६ मध्ये, सरकारी पुढाकारानं इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड ठरला होता. आजही विंडोज आणि लिनक्समध्ये तो असतो, उघडून बघा. स च्या कळीवर शिफ्ट दाबलं की श. ल वर शिफ्ट म्हणजे ळ. च वर शिफ्ट म्हणजे छ. ण मिळतो म वर शिफ्ट दाबून आणि ष स्वल्पविरामावर. झाडीबोलीला नको असलेली पाचच्या पाच व्यंजनं शिफ्टखाली! यात कुणाचा काही डाव नाही. ख, थ, ठ हेही शिफ्टखालीच आहेत, आणि ती आम्हाला रोज लागतात. पण गोंदियाच्या माणसाची बोटं पुण्याच्या माणसापेक्षा थोडी कमी दमतील, एवढं मात्र खरं.

गाण्यासाठी शिफ्ट दाबायला माणूस तयार असतो, गप्पांसाठी नसतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी मेसेंजर आले, पुढे एसएमएस, २००४ मध्ये ऑर्कुट, २००५ मध्ये जीटॉक. वेगानं लिहिताना कॅपिटल-स्मॉलचे नियम कोण पाळणार? मराठी सरळ पी-ए-एन-आय अशी लिहिली जाऊ लागली. भाषाप्रेमींनी या मराठीवर पुष्कळ टीका केली आणि ती चूक होती असंही नाही. 'बाळ' आणि 'बाल' एकाच स्पेलिंगमध्ये राहायला लागले, तर तक्रार होणारच.

माझ्या मते मात्र या गबाळ्या रोमननं एक मोठं काम केलं, कुणी न सांगता. पी-ए-एन-आय हे पुण्याचा माणूस पाणी वाचतो आणि आमगावचा माणूस पानी. दोघंही बरोबर! पण आणि पन, कोण आणि कोन, येणार आणि येनार, म्हणून आणि म्हनून... मराठीत ण किती ठिकाणी येतो ते एकदा मोजून बघा. रोमनमध्ये हा फरक दिसतच नव्हता. सगळंच झाकलं जायचं असं नाही, शेत आणि सेत रोमनमध्येही वेगळेच दिसतात. पण ज्या एका अक्षरावरून माणसाची जात, गाव आणि शाळा ओळखल्याचा आव आणला जातो, 'आनि-पानि' म्हणून हसलं जातं, ते अक्षर पडद्याआड होतं. लेखी गप्पांत आमच्याकडच्या पोराला त्या एका अक्षराची धास्ती नव्हती.

मग देवनागरी आली. युनिकोडमध्ये ती १९९१ पासूनच होती, पण सामान्य पीसीवर नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. मायबोली १९९६ पासून होती, २००४ मध्ये मनोगत आलं, आणि मराठी लोक पडद्यावर मराठी अक्षरांत लिहायला लागले. आनंदाचीच गोष्ट. मी स्वतः हे देवनागरीत लिहितो आहे आणि रोमनमध्ये परत जायची माझी इच्छा नाही. पण युनिकोडमध्ये ण चा क्रमांक ०९२३ आणि न चा ०९२८. मध्ये त, थ, द, ध अशी चारच अक्षरं. आता प्रत्येक वेळी यातला एक निवडावाच लागतो, आणि निवड सगळ्यांना दिसते.

आमच्याकडचा एक मित्र पुण्यात एका कंपनीत आहे. टीमच्या ग्रुपवर त्यानं सहज लिहिलं, 'मी आज येनार नाही, ताप आहे.' तीन मिनिटांत उत्तर आलं, 'येणार'. तापाबद्दल एक शब्द नाही. तेव्हापासून तो त्या ग्रुपवर इंग्रजीत लिहितो. चूक दुरुस्त करणाऱ्याला वाटलं असेल, आपण मराठी वाचवली. प्रत्यक्षात त्या ग्रुपवरचा एक मराठी लिहिणारा कमी झाला.

आता तर टोकायला माणूसही लागत नाही. आयट्रान्स नियमांवर चालायचा. तुम्ही न लिहिला तर न च येणार, यंत्राला मत नव्हतं. आजचे मोबाइल कीबोर्ड छापील आणि लिहिलेल्या मराठीवरून अंदाज बांधतात. रोमनमध्ये पी-ए-एन-आय लिहिलं की पहिली सूचना पाणी. पानी हवं असेल तर वाट वाकडी करून जावं लागतं. रोज शंभर वेळा कोण वाकडं जाणार? म्हणजे माणूस घरी आईशी फोनवर 'धानाचा चुरना झाला का' असं बोलतो, आणि त्याच आईला मेसेज पाठवताना पुस्तकातला होतो. आणि पुढचे कीबोर्ड लोकांनी जे लिहिलं त्यावरूनच शिकणार. जे लिहिलंच गेलं नाही, ते त्यांच्या लेखी नाहीच.

शाळेत, अर्जात, बातमीत प्रमाण मराठी हवी, त्याबद्दल माझा वाद नाही. एक सामाईक लेखी भाषा असणं फार सोयीचं आहे. पण गप्पा म्हणजे काही अर्ज नव्हे. तिथं माणूस जसा बोलतो तसा दिसला पाहिजे, नाहीतर आपण गप्पा मारत नाही, निबंध देतोय.

उपाय अगदीच नाहीत असं नाही. बहुतेक कीबोर्डना स्वतःचे शब्द शिकवता येतात. माझ्या फोनला आता पानी, कोन, म्हनून येतं, आणि तो ते आपणहून सुचवतोही. दुसरं काम आम्ही गोंदियाकडच्या चार-पाच मित्रांनी सुरू केलंय. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीची नाटकं होतात. त्यातली जी गाणी घरच्यांना पाठ आहेत, ती एका सामाईक शीटमध्ये टाइप करतोय. रकाने साँग बुकवाल्यांसारखेच, फक्त चित्रपट आणि संगीतकाराच्या जागी 'गाव' आणि 'कोणाकडून ऐकलं'. नियम एकच: ऐकलं तसं लिहायचं, कीबोर्डचं ऐकायचं नाही. आत्तापर्यंत एकतीस गाणी झालीत.