शरणपूर नावाचं गाव

परवा मुंबई नाक्यावरून रिक्षात बसलो. रिक्षावाला तरुण होता, बहुधा शहरात नवा. "शरणपूर रोड" म्हटल्यावर त्याने मागे वळून विचारलं, "काका, तिकडे शरणपूर कुठेय पण?" मी म्हटलं, "तिथेच की." आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. राजीव गांधी भवन सांगितलं, कॅनडा कॉर्नर सांगितला. पण शरणपूर? तीस-पस्तीस वर्षं हा शब्द रोज तोंडात आहे आणि त्यातला 'शरण' मला कधी ऐकूच आला नव्हता.

गावाचं नाव रोज उच्चारायला लागलं की ते नुसता आवाज होऊन जातं. नाशिक म्हणताना शूर्पणखेचं नाक कोणाला आठवतं? मोगली अमलात याच शहराचं गुलशनाबाद झालं होतं, तेही नाव कधीच वाऱ्यावर गेलं. पण शरणपूर हे नाव पुराणातलं नाही, बादशहाने दिलेलं तर नाहीच. ते जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं आहे, आणि ते कोणी, कोणासाठी ठेवलं हेही माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५० च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने नाशिकच्या पश्चिमेला, तेव्हाच्या शहरापासून मैल-दीड मैलावर ही वस्ती उभारली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना त्यांच्या जातीत, गावात, घरात जागा उरत नसे. पाणवठा बंद, सोयरीक बंद, धंदा बंद. त्यांच्यासाठी ही वेगळी वसाहत. घरं, प्रार्थनागृह, अनाथ मुलांची शाळा आणि हाताला काम मिळावं म्हणून सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने. बायबलच्या जुन्या करारात 'शरणपुरं' येतात, म्हणजे ज्याच्या मागे मारेकरी लागलेत त्याने धावत जाऊन शिरावं अशी गावं. नाव तिथूनच सुचलेलं दिसतं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच नाशिककरांना अर्धीमुर्धी माहीत असते. पुढची फारशी नसते.

त्या काळी अरबी समुद्रातून गुलामांची वाहतूक चालत असे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं भरून गलबतं अरबस्तानाकडे निघत. इंग्रजी आरमार ती पकडायचं आणि सुटलेल्या माणसांना मुंबईला आणून उतरवायचं. त्यांत मुलं पुष्कळ. या मुलांचं करायचं काय? घर कुठे, गाव कुठलं, आईबाप आहेत की नाहीत, काही ठाऊक नाही. मुंबईत सरकारने त्यातली काही मिशनांच्या हवाली केली. चर्च मिशनरी सोसायटीकडे आलेल्या मुलांकडे पाहणाऱ्यांत कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हा जर्मन मिशनरी होता. आधी इथिओपियात राहून आल्यामुळे तिकडच्या भाषांचा त्याला चांगला सराव होता. पुढे १८६० च्या सुमारास ही आफ्रिकन मुलं नाशिकला शरणपुरात आणली गेली.

म्हणजे गोदावरीच्या काठी, रामाच्या गावात, एका बाजूला तपोवन नि पंचवटी आणि दुसऱ्या बाजूला याओ, न्यासाकडची आफ्रिकन पोरं रंधा मारायला शिकत होती! मिशनच्या शाळेत इंग्रजी होतंच, पण बाजारात मराठी कानावर पडलीच असणार. मला उगाच वाटत राहतं, त्यांतल्या एखाद्याला तरी "काय रे पोरा" अशी हाक कोणीतरी मारली असेल.

शिक्षणाबरोबर त्यांना नावंही नवी मिळाली. याओ जमातीच्या चेंग्विंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, कॅरस फॅरर... ही नावं वाचली तर लंडनच्या एखाद्या पेढीतले कारकून वाटावेत. आधीची नावं बहुतेकांची पुसलीच गेली.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या मोहिमेची तयारी करायला मुंबईत होता, तेव्हा त्याने इथून नऊजण निवडले. 'नासिक बॉइज' म्हणून ते इतिहासात गेले. सगळे काही नायक निघाले नाहीत. लिव्हिंग्स्टनने त्यांच्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली आहे, आणि शेवटपर्यंत टिकले ते थोडेच. १८७२ मध्ये स्टॅन्लीने त्याच्याकडे मदतीची तुकडी पाठवली, तीत आणखी सहा नाशिककर होते. त्यांत वेनराइट आणि वेलिंग्टन. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला तो जेकब वेनराइटने. मग हे लोक ते शव हजार मैलांच्या वर वाहून किनाऱ्यापर्यंत घेऊन आले. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेत शिकलेला वेनराइट होता.

शरणपुरात शिकलेल्या हाताने कोरलेला तो लेख. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो.

आता यातला जर्मन धागा. मोंबासाजवळ रबाई इथे १८४६ मध्ये योहान लुडविग क्राफ आणि योहान्स रेबमान या दोन जर्मनांनी मिशनचं ठाणं घातलं होतं. (किलिमांजारोवरचं बर्फ युरोपला कळवणारा तो हाच रेबमान. लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं.) त्यांच्या हाताशी माणूस नव्हता. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड असे नाशिकचे तरुण तिथे गेले. क्राफ आणि रेबमान, दोघांनीही शेवटचे दिवस श्टुटगार्टजवळच्या कोर्नताल नावाच्या लहानशा वस्तीत काढले. तिथेच रेबमान १८७६ मध्ये गेला, क्राफ १८८१ मध्ये.

कोर्नताल हेही एक शरणपूरच! राज्याच्या अधिकृत चर्चशी न पटणारे भाविक व्युर्टेमबर्ग सोडून रशियाकडे निघाले होते. माणसं चालली तर शेती कोण करणार, म्हणून राजाने त्यांना १८१९ मध्ये वेगळी वसाहत करू दिली. पण नावात कुठेही 'शरण' नाही. कोर्नताल म्हणजे धान्याची दरी. जमीनदारी इस्टेटीचं जुनं नावच त्यांनी ठेवलं. आश्रयाला आले, पण गावाचं नाव आपल्या गरजेवरून पडू दिलं नाही.

हा फरक मला लागतो, त्याला कारण घरचं आहे. १९७२ च्या दुष्काळात आमचे आजी-आजोबा सिन्नरच्या बाजूचं गाव सोडून नाशिकला आले. जुन्या नाशकात एका वाड्यात दोन खोल्या मिळाल्या. वाड्यात आम्हाला 'दुष्काळी' म्हणत. "दुष्काळ्यांकडे बघ गं पीठ आहे का" असं. वाईट हेतूने नव्हे, सहजच. दुष्काळ संपला, आजोबांना नोकरी लागली, वडील शिकले, तरी नाव तेच. आजी म्हातारपणीही फणकाऱ्याने म्हणायची, "आम्ही कोणाचे आश्रित नव्हतो. महिन्याचं भाडं मोजत होतो." तिचं भांडण भाकरीशी नव्हतं, नावाशी होतं. ज्याने आसरा दिला त्याचे उपकार ती शेवटपर्यंत मोजत राहिली. पण आसऱ्याचं नाव कपाळावर लावून घ्यायला तयार नव्हती.

शरणपूरच्या आफ्रिकन मुलांचंही पुढे असंच काहीसं झालं. १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. तो घडवून आणणारा सर बार्टल फ्रिअर हा मुंबईचा माजी गव्हर्नर. मग सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासासमोर नवी वसाहत ठरली, आणि ती वसवायला पाठवलं तेही शरणपूरवाल्या प्राइसलाच. त्याच्या मदतीला शंभर-दीडशे नाशिककर आफ्रिकन गेले. नाव पडलं फ्रिअर टाउन. इकडे जे 'आफ्रिकन' होते, तिकडे गेल्यावर लोक त्यांना म्हणू लागले 'बॉम्बे आफ्रिकन'! इकडे तिकडचे आणि तिकडे इकडचे. पुढे १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर यांना मोंबासात धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला.

मुंबईतल्या फ्रिअर रोडचा आता पी. डि'मेलो रोड झाला आहे. मोंबासात फ्रिअर टाउन आहे, पण तिथल्या नाक्याला लोक केंगेलेनी म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणारे आले की वस्तीला सावध करायला तिथे एक घंटा वाजवत असत. साहेबाचं नाव नकाशावर, आणि रोजच्या तोंडी घंटेचं. हे नाव मला या सगळ्यांत आवडतं. ते उपकार करणाऱ्याचं नाही, उपकृताचंही नाही. जागं राहणाऱ्यांचं आहे.

आणि आपलं शरणपूर? त्यातली 'शरण' आपण सगळ्यांनी मिळून रोज बोलून बोलून झिजवली. आता तिथे घर असणं ही ऐटीची गोष्ट आहे. आजीला हे आवडलं असतं, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, नाही. नाव चिकटलेलं तिला नको होतं, पण आपण कसे आलो हे विसरलेलंही तिला चाललं नसतं.

पुढच्या वेळी कोणी रिक्षात विचारलं, शरणपूर कुठेय, तर सांगायला निदान सुरुवात तरी करीन. सिग्नल लागलेला असला तर वेनराइटपर्यंत पोचेन.