फ्रीमेसन बंधुसंघातील प्रवेश : नियम, मतपेटी आणि एकोणिसाव्या शतकातील भारतीय उमेदवार

प्रस्तावना

फ्रीमेसन या बंधुसंघाविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाला साधारणतः दोनच गोष्टी ठाऊक असतात. ही एक गुप्त संघटना आहे, आणि तिच्या सभासदांत राजेरजवाडे, न्यायाधीश व बॅरिस्टर यांचा भरणा असे. संघटनेच्या स्थानिक शाखेस 'लॉज' म्हणतात. या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राहण्याजेवणाची सोय येते, हा भाग निराळा. उत्तर भारतात लॉजच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. आत काय चालते याविषयीचे कुतूहल त्या नावात पुरेपूर उतरले आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आतील विधींहून दाराशी काय घडत होते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा. सर्व माणसे बंधू आहेत असे सांगणाऱ्या संघात शिरण्यासाठी एखाद्या पारशी वा हिंदू गृहस्थाला काय करावे लागे, त्याला कोण अडवी आणि कशाच्या आधारे, हे पाहिले म्हणजे वसाहतकालीन समाजातील समतेच्या भाषेचे खरे मोल कळू लागते. प्रस्तुत लेखात मुंबई व कलकत्ता येथील दोन प्रकरणांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

प्रवेशाची रीत

लंडनमधील काही लॉजेसनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापन केली ती परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी. अलीकडील काही संशोधक हे साल १७२१ असावे असे मानतात. जेम्स अँडरसन या स्कॉटिश पाद्र्याने तयार केलेली संघाची संहिता १७२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व माणसांना मान्य होईल एवढ्याच धर्माचे बंधन सभासदावर असावे, त्यापलीकडील मते ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावीत, अशी तिची भूमिका होती. नास्तिकाला मात्र तीत स्थान नव्हते. १८१३ मध्ये इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजेस एक झाल्या. त्यानंतर १८१५ मध्ये सुधारलेल्या संहितेत हे तत्त्व आणखी स्पष्ट झाले. स्वर्ग व पृथ्वीच्या निर्मात्यावर विश्वास असेल तर माणसाचा धर्म व उपासनापद्धती कोणतीही असो, त्याला प्रवेशाची आडकाठी नाही, असे आता लेखी स्वरूपात होते. उमेदवार पुरुष असावा, प्रौढ असावा, कुणाचा गुलाम नसावा, एवढ्याच इतर ठळक अटी होत्या. यांतील 'जन्माने स्वतंत्र' ही अट १८४७ मध्ये बदलून 'स्वतंत्र पुरुष' अशी करण्यात आली. वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर मुक्त झालेल्या माणसांना जन्माचा दाखला आड येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे काळ बदलला की नियमाची शब्दयोजना बदलण्याची तयारी या संघाने दाखविली होती.

प्रत्यक्ष प्रवेशाची रीत अशी. संघ कुणाला निमंत्रण देत नाही; इच्छुकानेच पुढे यावे अशी अपेक्षा असते. आपण कुणाच्या अनुचित आग्रहास बळी पडून अथवा आर्थिक लाभाच्या आशेने आलो नाही, असे प्रतिज्ञापत्र त्याला सही करून द्यावे लागते. त्याच्यासाठी लॉजमधील एका सभासदाने सूचक आणि दुसऱ्याने अनुमोदक व्हावे लागते. नाव एका नियमित बैठकीत मांडले जाते, त्याच्या चारित्र्याची चौकशी होते आणि पुढील बैठकीत गुप्त मतदान घेतले जाते. मतदानाची साधने म्हणजे लहान गोळे व एक पेटी. पांढरा गोळा अनुकूल, काळा प्रतिकूल. इंग्लिश संहितेनुसार तीन काळे गोळे पडले की उमेदवार नाकारला जाई. आणि एक किंवा दोन गोळ्यांनीही नकार व्हावा असा पोटनियम करण्याची मुभा प्रत्येक लॉजला होती. काळा गोळा कुणी टाकला हे कळत नसे आणि टाकणाऱ्याला कारण द्यावे लागत नसे.

या एका तरतुदीत पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. संहिता सर्व धर्मांच्या माणसांना दार मोकळे ठेवते. परंतु ते उघडायचे की नाही हे आधीच आत बसलेली मंडळी ठरवतात, आणि तेही निनावीपणे. निकटच्या परिचितांचे मंडळ म्हणून विचार केला तर यात गैर काही नाही. ज्याच्याबरोबर भावाच्या नात्याने बसायचे तो सर्वांना मान्य असावा, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. मात्र एकाच वंशाचे सत्ताधारी आत आणि त्यांचे प्रजाजन बाहेर, अशी स्थिती असते तेव्हा हेच साधन वर्णभेदाचे होऊ शकते. आणि तशी कोठेही नोंद राहत नाही.

नवाबपुत्र आणि मुंबईचा पारशी गृहस्थ

भारतात लॉजेस इंग्रजांबरोबरच आल्या. कलकत्त्यात १७३० च्या सुमारास, मद्रासेत व मुंबईत त्या शतकाच्या मध्यास त्या सुरू झाल्या. सभासद अर्थातच कंपनीचे अधिकारी, सैनिक व व्यापारी होते. तरीही पहिला भारतीय फ्रीमेसन म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो बराच आधीचा आहे. कर्नाटकच्या नवाबाचा पुत्र उमदत-उल-उमरा यास १७७० च्या दशकात त्रिचनापल्ली येथे दीक्षा देण्यात आली. लंडनच्या ग्रँड लॉजने त्याचे लेखी अभिनंदन केले व मेसनचा मानाचा एप्रन त्यास भेट पाठविला. त्या वेळी धर्माचा वा वंशाचा प्रश्न कुणी उपस्थित केला नाही. नवाब हा कंपनीचा मित्र होता, एवढे पुरेसे होते.

माणेकजी करसेटजी यांचा अनुभव याच्या अगदी उलट होता. मुंबईतील हे प्रतिष्ठित पारशी गृहस्थ इंग्रजी विद्येत मुरलेले होते. पुढे न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले, आणि १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन स्थापण्यात पुढाकार घेतला, म्हणून स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. एकेश्वरी धर्म, शिक्षण, चारित्र्य, आर्थिक स्थिती यांपैकी कोणत्याच कसोटीवर ते उणे नव्हते. तरी मुंबईच्या लॉजने त्यांना प्रवेश दिला नाही. १८४० च्या दशकाच्या आरंभी ते युरोपात गेले असता इंग्लंडमध्येही त्यांची इच्छा पुरी झाली नाही. अखेर पॅरिसमधील एका फ्रेंच लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. रीतसर मेसन होऊन ते मुंबईला परतले, आणि तरीही स्थानिक युरोपीय लॉज त्यांना सामावून घेण्यास तयार नव्हती. संघाच्या तत्त्वानुसार जे आता बंधूच होते त्यांनाही घरात जागा मिळेना, असा हा प्रकार होता.

मार्ग निघाला तो स्कॉटिश अधिकारपरंपरेतून. जेम्स बर्न्स (१८०१–१८६२) हे कंपनीच्या सेवेतील डॉक्टर. सिंधच्या दरबारास दिलेल्या भेटीवर त्यांनी पुस्तक लिहिले होते, आणि काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे धाकटे बंधू. पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजेसचे प्रमुखपद जेम्स यांच्याकडे होते. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन झाली. तिचा उघड उद्देश भारतीयांना प्रवेश देणे हा होता, आणि पारशी व मुसलमान गृहस्थ तीत आले. बर्न्स यांचे श्रेय मोठे आहे यात शंका नाही. तथापि त्यांनी केलेली व्यवस्था बारकाईने पाहिली पाहिजे. युरोपीय लॉजमधील काळ्या गोळ्यांना त्यांनी हात लावला नाही. भारतीयांसाठी शेजारी दुसरे दार बांधले. पुढे त्या दारातून आलेल्या पारशी विद्वानांनी संघात मोठी प्रतिष्ठा मिळविली. खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या मेसन-जीवनाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल जीवनजी जमशेदजी मोदी यांनी संपादित केलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, यावरून त्या प्रतिष्ठेची कल्पना येते.

कलकत्त्यातील नऊ वर्षे

पारशी व मुसलमान यांना एकेश्वरवादी मानणे सोपे होते. हिंदूंच्या बाबतीत बंगालमधील वरिष्ठांनी दोन आक्षेप घेतले. हिंदू मूर्तिपूजक व अनेकेश्वरवादी आहे, तेव्हा विश्वाच्या एकमेव शिल्पकारावर त्याची शपथ कशी बसावी, हा पहिला. जातिबंधनामुळे तो बंधूंसह भोजनाला बसणार नाही, तेव्हा त्याचे बंधुत्व कसले, हा दुसरा. शिवाय आशियाई उमेदवारास प्रांतिक प्रमुखाच्या पूर्वपरवानगीवाचून घेऊ नये असा पोटनियम तेथे होता. प्रसन्नकुमार दत्त या कलकत्त्याच्या गृहस्थांनी १८६३ मध्ये प्रवेशासाठी प्रयत्न सुरू केले आणि आपण एकाच परमेश्वरास मानतो असे प्रतिपादन केले. बरीच पत्रापत्री झाली, प्रकरण लंडनपर्यंत गेले, आणि १८७२ मध्ये 'अँकर अँड होप' या लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. नऊ वर्षे चाललेल्या या झगड्यात संहितेचा एकही शब्द बदलावा लागला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जे तत्त्व १८१५ पासून छापील स्वरूपात होते तेच दत्तांनी वरिष्ठांपुढे ठेवले होते.

वाट मोकळी झाल्यावर किती फरक पडला हे त्याच लॉजमधील दुसऱ्या एका उमेदवारावरून दिसते. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, यांना १९ फेब्रुवारी १८८४ रोजी पहिली, १५ एप्रिलला दुसरी व २० मे रोजी तिसरी पायरी देण्यात आली. आधीच्या दत्तांना उंबरठा ओलांडण्यास जितकी वर्षे लागली, जवळजवळ तितक्या आठवड्यांत नरेंद्रनाथ पहिल्या पायरीवरून दुसरीवर पोचले.

पंगतीचा प्रश्न

भोजनाचा आक्षेप निव्वळ बहाणा होता असे म्हणता येत नाही. रुडयार्ड किपलिंग वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे नेमस्त वयाआधी खास परवानगीने, १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. आपल्या लॉजवर त्याने पुढे लिहिलेल्या कवितेतही मेजवानी न देण्याचे कारण कुणा बंधूची जात बाटू नये हेच आहे. परंतु प्रत्येक हिंदू या बाबतीत सारखाच असेल हे गृहीत धरणे चूक होते, आणि त्याचा पुरावा मुंबईतच होता. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनी १८४९ मध्ये स्थापन केलेली परमहंस सभा ही सुद्धा गुप्त मंडळीच होती. तिच्यात शिरताना जातिभेद न मानण्याची शपथ घ्यावी लागे, आणि ख्रिस्ती भटारखान्यातील पाव व मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यावे लागे. फ्रीमेसनांच्या वरिष्ठांना जी गोष्ट हिंदूकडून घडणे अशक्य वाटत होती तीच येथे प्रवेशाची कसोटी होती! दोहोंत अनुकरणाचा संबंध शोधण्याचे कारण नाही. तुलना पुरेशी बोलकी आहे. परमहंस सभेच्या सभासदाला गुप्ततेची गरज अधिक होती, कारण नाव फुटल्यास त्याच्यावर घरचा व जातीचा बहिष्कार पडणार होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि सभा मोडली. लॉजच्या सभासदाला असे भय नव्हते. त्याची नावनिशी छापली गेली तर त्याचा मानच वाढे.

नंतरचे बदल

विसाव्या शतकात भारतीय सभासदांची बहुसंख्या झाली आणि इंग्लिश, स्कॉटिश व आयरिश अशा तीन परंपरांतील लॉजेसमधून २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. रामपूरचे नवाब तिचे पहिले ग्रँड मास्टर होते. उमेदवार आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घेतो. काही लॉजेसनी मात्र आपल्या मूळ परंपरेतच राहणे पसंत केले.

स्त्रियांसाठी या परंपरेचे दार उघडलेले नाही. ॲनी बेझंट यांनी १९०२ मध्ये स्त्रीपुरुष दोघांनाही घेणाऱ्या वेगळ्या मेसन संघात प्रवेश केला आणि त्याच्या शाखा भारतात आणल्या. त्यांची दीक्षा झाली तीही पॅरिसमध्येच.