‘आवाज कमी केला की धार जाते’

१४. नगरकडच्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. अमेरिकी बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते. वादकाची ही तक्रार मात्र इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचीही जुनीच. व्हॉल्यूमचा पॉट उतरवला की त्याचा रोध आणि केबलची धारकता मिळून वरची धार गिळतात. इलाज चार-दोन रुपयांचा: पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायात ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सोबत १५० किलोओहमचा रेझिस्टर. (नुसत्या कपॅसिटरने आवाज कमी केल्यावर सूर किरकिरा लागतो.) टोनचा कपॅसिटर निराळा, गिटारमध्ये बहुधा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा, तो हीच धार अर्थकडे वळवतो. मूळ मजकुरात या दोहोंची गल्लत झाली आहे. – संपा.