धान्यावांचून भाकरी



आजच्या भाषणाचा विषय भाकरी हा आहे. परंतु जिच्यांत ज्वारी नाहीं, बाजरी नाहीं, गहूं नाहीं कीं तांदूळ नाहीं, अशी भाकरी. पुण्यानजीक पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, तेथें देशोदेशींचे लोक नोकरीनिमित्त येऊन राहिले, व त्यांच्याबरोबर देशोदेशींचे आहारविचारहि आले. त्यांपैकीं एक विचार असा कीं, मनुष्यानें अश्मयुगांतील पूर्वजांप्रमाणें मांस, मासे, फळें, कंद व भाजीपाला एवढेंच खावें. धान्य मुळींच खाऊं नये. धान्य सोडलें म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती पोळीची. भाजी कशाच्या घडींत धरावयाची? मग कोणी नारळाचें पीठ आणतो, कोणी बदामाचें. कोणी कोबीच्या पानांत सारण गुंडाळतो. हा सर्व खटाटोप नवा आहे असें सामान्यतः समजलें जातें. परंतु ज्या भूमीवर हे कारखाने उभे आहेत, तिच्या एका बाजूस देहू व दुसऱ्या बाजूस आळंदी आहे, आणि तेथें धान्यावांचून भाकरी थापण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिचाच इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम या नव्या मताचा इतिहास. वॉल्टर व्हेग्टलिन या अमेरिकन वैद्यानें १९७५ सालीं अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक लिहिलें. १९८५ सालीं बॉइड ईटन व मेल्व्हिन कॉनर या दोघांनीं एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत त्याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ सालीं लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानें हें मत घरोघर पोंचविलें. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. मनुष्य शेती करूं लागल्यास फार तर दहा-बारा हजार वर्षें झालीं; त्यापूर्वीं लक्षावधि वर्षें तो शिकार करून व कंदमुळें गोळा करून जगला; म्हणून त्याचें शरीर त्याच अन्नास योग्य असें घडलेलें आहे.

या युक्तिवादाची परीक्षा उत्खननशास्त्रानें करतां येते. अश्मयुगीन मनुष्य आपणांस परका नाहीं. चाकणच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत, कुकडी नदीच्या कांठीं बोरी नांवाचें गांव आहे. तेथें जुन्या अश्मयुगांतील दगडी हत्यारें व त्यांच्या सान्निध्यांत ज्वालामुखीची राख सांपडली. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु या नदीकांठावर नांगराच्या फार पूर्वीं माणसें वावरत होतीं, हें निर्विवाद आहे. आतां अशा माणसांनीं पीठ कधीं पाहिलेंच नव्हतें काय? २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत इटली, रशिया व चेक देश येथील सुमारें तीस हजार वर्षांपूर्वींच्या दगडांवर वनस्पतींच्या पिष्टाचे कण आढळल्याचें सांगितलें आहे. त्यांत पाणकणसाच्या मुळांचें पीठ होतें. आणि २०१८ सालीं जॉर्डन देशांतील शुबैका या स्थळीं सुमारें चौदा हजार चारशें वर्षांपूर्वींच्या चुलींत जळलेल्या भाकरीचे तुकडे सांपडल्याचें जाहीर झालें. शेतीच्या सुमारें चार हजार वर्षें आधींची ती भाकरी! तिच्यांत रानटी धान्य होतें, तसेंच पाणथळींतील एका गवताचा कंदहि वाटून मिसळलेला होता. म्हणजे शेतकरी होण्यापूर्वींच मनुष्य भाकरी करूं लागला होता, आणि त्याच्या त्या पहिल्या भाकरींत धान्य व कंद शेजारीं शेजारीं नांदत होते.

आपल्या जिल्ह्यांतील पहिले शेतकरी कसे राहत होते, तें शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें दिसून आलें. डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत घोड नदीच्या कांठीं तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील त्या वसाहतींत जव हें मुख्य पीक होतें. आज जिला आपण महाराष्ट्राची भाकरी म्हणतों, ती ज्वारी व बाजरी हीं दोन्ही धान्यें मूळचीं आफ्रिकेंतील आहेत. तेव्हां आपलें ताटहि पूर्वीपासून आजच्यासारखेंच होतें असें समजण्याचें कारण नाहीं.

परंतु नांगरापूर्वींच्या अन्नाची आठवण आपल्या समाजानें एका व्रतांत जपून ठेविली आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषिपंचमी येते. त्या दिवशीं स्त्रिया बैलाच्या श्रमाचें अन्न खात नाहींत. परसांत, कुंपणावर वा हातानें खणलेल्या जमिनींत जें उगवेल तेंच त्या शिजवितात. अळू, सुरण, माठ, पडवळ, दोडका यांची एकत्र भाजी होते, व तिला ऋषीची भाजी असें नांवच पडलें आहे. या प्रथेचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत, वानप्रस्थानें नांगरलेल्या भूमींत पिकलेलें खाऊं नये, मुनींचें पवित्र अन्न खावें, असा नियम सांगितला आहे. अमेरिकेंतील वैद्यांनीं विसाव्या शतकांत जी रेषा धान्य व अधान्य यांमध्यें ओढली, ती आपल्या शास्त्रकारांनीं नांगरलेलें व न नांगरलेलें यांमध्यें ओढली होती. फरक एवढाच कीं, त्यांचा हेतु शरीर सडपातळ करण्याचा नसून इच्छा आवरण्याचा होता.

एकादशीचा नियम याहून अधिक प्रचारांत आहे. वर्षांत चोवीस एकादशा, त्यांशिवाय चिंचवडच्या मोरया गोसावींच्या क्षेत्रीं विशेष मानली जाणारी संकष्टी. एवढे दिवस धान्यावांचून चालवावयाचे म्हणजे गृहिणीच्या कल्पकतेची कसोटीच होय. त्यांतून उपवासाचें थालीपीठ निघालें. यांतील पदार्थ एकेक करून पाहिले तर मोठी गंमत दिसते. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील आंदीज पर्वतांतला. त्याचें मराठी नांवहि पोर्तुगीजांकडून आलेलें. आज खेड, आंबेगांव भागांत तो मुबलक पिकतो, सातगांव पठार त्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठीं नांवाजलेला आहे. शेंगदाणा, मिरची व रताळें हींहि अमेरिकेचींच. साबुदाणा पूर्वीं पूर्वेकडील बेटांतून येई व तो एका जातीच्या ताडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धांत ती आयात थांबली, तेव्हां तामिळनाडूंतील सेलमच्या आसपास टॅपिओकाच्या कंदापासून तो होऊं लागला. हा कंदहि अमेरिकेंतलाच.

राजगिऱ्याची कथा तर सर्वांत विलक्षण आहे. आपण जो राजगिरा दळतों, त्याच्या जाती मध्य अमेरिकेंत मनुष्यानें लागवडीस आणिल्या, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आझ्टेक राजांस तो करभार म्हणून मिळत असे. त्याच्या पिठाचा गोळा मधुर रसांत मळून लोक देवतांच्या मूर्ति करीत व प्रसाद म्हणून खात. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं तें राज्य जिंकलें, आणि त्यांच्या पाद्र्यांनीं हा विधि मूर्तिपूजेचा म्हणून मोडून काढला. तेथें ज्या बीजाला धर्मामुळें संकट आलें, त्याला येथें धर्मानेंच आश्रय दिला. मेक्सिकोंत आजहि राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी विकतात, व ती आपल्या चिक्कीहून फारशी निराळी नसते. चाकणला ज्या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला, तिचाच एक कारखाना मेक्सिकोंतील पुएब्ला येथें आहे; आणि त्याच पुएब्ला प्रांतांतील तेवाकान खोऱ्याच्या गुहांत प्राचीन मक्याचे व राजगिऱ्याचे अवशेष सांपडले आहेत.

यांत खरोखर जुना व आपल्याकडचा म्हणावा असा पदार्थ शिंगाडा. संस्कृत ग्रंथांत तो शृंगाटक या नांवानें येतो, आणि विदर्भांतील तलावांत धीवर लोक आजहि त्याची लागवड करतात. वरी मात्र अडचणींत टाकते. ती गवताचें बीज, म्हणजे सरळसरळ धान्यच. म्हणून कांहीं घरीं ती एकादशीस चालते, कांहीं घरीं चालत नाहीं.

आतां हें थालीपीठ मोडत कसें नाहीं? गव्हांत ग्लूटेन नांवाचें लवचिक प्रथिन असतें, त्यामुळें पोळी लाटली तरी फाटत नाहीं. राजगिरा व शिंगाडा यांत तें नाहीं. म्हणून उकडलेला बटाटा वा भिजलेला साबुदाणा मिसळावा लागतो. त्यांतील पिष्ट शिजून चिकट होतें व पिठास धरून ठेवतें. मग गोळा लाटावयाचा नाहीं, तर ओल्या फडक्यावर वा केळीच्या पानावर थापून हलकेंच तव्यावर सोडावयाचा. ज्वारीच्या पिठांत कढत पाणी घालून उकड काढतात, तिचेंहि मर्म हेंच. मेक्सिकोची मक्याची तोर्तिया चुन्याच्या पाण्यानें जें साधते, तें आपली गृहिणी आधणाच्या पाण्यानें साधते.

येथपर्यंत कथा कौतुकाची झाली. परंतु धान्यावांचून राहण्याची एक दुसरीहि बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास खरा होणार नाहीं. याच इंद्रायणीच्या कांठीं, देहू गांवीं, १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळांत तुकारामबोवांचें दुकान बुडालें आणि त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. त्या घरांतहि धान्य नव्हतें. पण तो उपवास नव्हता. भीमाशंकरच्या रानांतील महादेव कोळी व ठाकर यांच्याकडे पावसाळ्यांत कणगी रिकामी होई, तेव्हां रानांतील कंद हाच आधार असे. कडूकंद राखेसह उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवून, त्याचा कडूपणा काढून खाण्याची रीत सह्याद्रींत जुनी आहे. तें ज्ञान थोर आहे. परंतु तें आवडीनें नव्हे, भुकेनें शिकविलें.

युरोपांतहि असेंच घडलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत भाकरी मिळेना. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंद खाल्ले. त्या हालांत विलेम डिके या बालरोगतज्ज्ञास दिसून आलें कीं, सीलिअक नांवाच्या पोटाच्या विकारानें पीडलेलीं कांहीं मुलें मात्र पाव बंद झाल्यानें सुधारत आहेत. त्याचा पूर्वींपासूनचा तर्क पक्का झाला, व १९५० सालीं त्यानें गहूं हेंच त्या विकाराचें निमित्त होय असा प्रबंध सादर केला. अशा रोग्यास गहूं वर्ज्य करणें हें प्राणरक्षण आहे. परंतु त्यास ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हीं वर्ज्य नाहींत. त्यांत ग्लूटेन नसतें.

यावरून काय घ्यावें? ज्यास वैद्यानें धान्य सोडावयास सांगितलें असेल, त्यानें महागडीं परदेशी पिठें आणण्यापूर्वीं आपल्या आजीच्या फडताळांत पाहावें. राजगिरा, शिंगाडा, सुरण, रताळें तेथें आहेत. ज्यानें हौसेनें सोडलें असेल, त्यानें तें पूर्वजांच्या नांवावर खपवूं नये. पूर्वज मिळेल तें खात, आणि धान्य मिळालें तेव्हां त्यांनीं तेंहि दळलें. आणि दोघांनींहि एक भेद स्मरणांत ठेवावा. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतर या पट्ट्यांत जीं माणसें डबा घेऊन पाळीवर येऊं लागलीं, त्यांतील पुष्कळ जण कोरडवाहू गांवांतून, १९७२ च्या दुष्काळानंतर, भाकरीच्याच शोधांत आलीं होतीं. त्यांच्या लेखीं डब्यांतील ज्वारीची भाकरी ही आहारशास्त्रांतील चूक नसून घर सोडून मिळविलेली कमाई होती. उपवास व उपासमार हे शब्द एकाच मुळांतून निघाले आहेत. त्यांत अंतर आहे तें इतकेंच कीं, उपवास करणाऱ्याच्या घरीं दुसऱ्या दिवशीं बारस सोडावयास धान्य असतें.