वॉशिंग मशीनला बुरशी का येते? पावसाळ्यात घ्यावयाची काळजी

आषाढ सुरू झाला की गोव्यातील बहुतेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. कपडे मशीनमधून नुकतेच काढलेले असतात, साबणही पुरेसा घातलेला असतो, तरी त्यांना कुबट वास येतो. दोष बहुधा पावसाच्या माथी मारला जातो. पडवीत दोन दोन दिवस वाळत पडलेले कपडे पाहिले म्हणजे ते स्वाभाविकही वाटते. मात्र पुष्कळदा या वासाचे मूळ दोरीवर नसून मशीनच्या पोटात असते. दाराभोवतीच्या रबरी कड्याची घडी बोटाने उलगडून पाहिल्यास तेथे काळे ठिपके, बुळबुळीत थर आणि साचलेले पाणी आढळते. जे यंत्र स्वतःच अस्वच्छ आहे, त्यातून कपडे स्वच्छ निघण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते.

यावर सुगंधी द्रव्ये ओतणे हा उपाय नव्हे. वास झाकला जातो, कारण तसेच राहते. हे कारण काय, ते आधी पाहू.

बुरशी कशावर पोसते?

बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि अन्न. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. या काळात घरातील हवाच इतकी दमट असते की मशीनमध्ये राहिलेले पाणी आपोआप सुकत नाही. ऊब तर आपल्याकडे बारमाही आहे. उरले अन्न. ते आपणच पुरवतो. कपड्यांतून सुटलेला घाम, त्वचेचा तेलकट अंश, सुताचे तंतू आणि न विरघळलेला साबण यांचा थर मशीनमध्ये साचत जातो.

हा थर नजरेस पडत नाही, कारण मशीनमध्ये टाक्या दोन असतात. आपल्याला दिसतो तो भोके असलेला चकचकीत पोलादी ड्रम. त्याच्या बाहेर पाणी धरून ठेवणारी दुसरी टाकी असते. ड्रमची बाहेरची बाजू आणि बाहेरच्या टाकीची आतली बाजू या दोहोंमधील अरुंद फटीत मळ धरतो. पुढून दार असलेल्या अनेक मशीनांत ड्रमला मागून आधार देणारा तिपाईसारखा भाग ॲल्युमिनियमचा असतो. साबणाचा ओला थर त्यावर वर्षानुवर्षे राहिल्यास तो झिजतो आणि कधी तुटतोही. तेव्हा प्रश्न केवळ वासाचा नाही, यंत्राच्या आयुष्याचाही आहे.

वासामागे एकटी बुरशीच असते असेही नाही. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या ओल्या फडक्यासारख्या वासाचा संबंध ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ या जिवाणूशी असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. कपडा वाळला तरी हा जिवाणू तग धरतो. म्हणूनच वाळताना वास नसलेला टॉवेल पुन्हा भिजताच कुबट वास देऊ लागतो.

साबण जास्त, स्वच्छता कमी

‘चमचाभर पावडर जास्त घातली तर कपडे अधिक निघतील’ ही समजूत मशीनच्या बाबतीत उलटी पडते. जास्तीचा साबण खळबळून निघून जात नाही. तो थर बनून राहतो. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये घालणे तर टाळावेच. तिचा फेस फार होतो. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये पाणी कमी वापरले जात असल्याने तेथे कमी फेसाची, मशीनसाठीचीच पावडर किंवा द्रव साबण वापरावा. कपडे मऊ करणारी द्रव्ये मेणचट असतात. ती खणात आणि टाकीत चिकटून राहतात. पावसाळ्यात त्यांचा वापर कमीत कमी ठेवलेला बरा.

दुसरे कारण थंड पाणी. विजेची बचत म्हणून नेहमी थंड पाण्यानेच धुणे चालू ठेवले, तर तेलकट अंश विरघळत नाही आणि सूक्ष्मजीवही मरत नाहीत. रोजच्या कपड्यांना थंड पाणी चालेल. पण टॉवेल, चादरी आणि पायपुसणी आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसवर धुतल्यास कपडे व मशीन दोन्हींचा लाभ होतो.

प्रत्येक धुण्यानंतर

धुणे संपताच कपडे बाहेर काढावेत. रात्री मशीन लावून सकाळी कपडे काढण्याची सवय पावसाळ्यात मोडावी. त्यानंतर कोरड्या फडक्याने रबरी कड्याच्या घड्या पुसाव्यात. खालच्या बाजूच्या घडीत पाणी अधिक साचते. तेथे केस, नाणी, सुताचे गोळेही सापडतात. दाराच्या काचेची आतली बाजू पुसावी. साबणाचा खण थोडा बाहेर ओढून ठेवावा आणि दार चार बोटे उघडे ठेवावे. हवा खेळती राहणे हाच बुरशीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

घरात लहान मूल असेल, तर उघड्या दाराबाबत सावध राहावे. मुले ड्रममध्ये शिरण्याचा धोका असतो. अशा वेळी मशीन ठेवलेल्या खोलीचे दार बंद ठेवावे.

आठवड्यातून एकदा

साबणाचा खण पूर्ण बाहेर काढावा. बहुतेक खणांच्या आत दाबावयाची एक कळ असते. ती दाबून ओढले की खण सुटतो. तो कोमट पाण्यात भिजवून जुन्या दातघासणीने घासावा. खण बसतो त्या पोकळीच्या छताकडे सहसा कोणी पाहत नाही. तेथे पाण्याची भोके असतात आणि काळी बुरशी तेथेच अधिक धरते. ओले फडके फिरवून ती जागा पुसावी. वरून दार असलेल्या मशीनमधील सूत गोळा करणारी जाळीची पिशवी उलटी करून धुवावी आणि वाळवूनच परत बसवावी. अर्धस्वयंचलित मशीनमध्ये पिळण्याच्या टाकीचा तळही पाहावा. तेथे मळकट पाणी राहते.

महिन्यातून एकदा

रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवणे हे मुख्य काम. पुष्कळ मशीनांत टाकी स्वच्छ करण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम असतो. तो नसेल, तर ६० ते ९० अंशांचा सुती कपड्यांचा सर्वांत लांब कार्यक्रम निवडावा. त्यात बाजारात मिळणारी टाकी स्वच्छ करण्याची पावडर घालावी. वरून दार असलेल्या ज्या मशीनला हीटर नाही, त्यात गिझरचे कडकडीत तापलेले पाणी बादलीने ओतता येते. मात्र उकळते पाणी ओतू नये. पाणी भरल्यावर मशीन थोडे फिरवून तासभर तसेच ठेवावे आणि मग काम पूर्ण होऊ द्यावे.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांत पाणी जड असल्यास पांढरट क्षार धरतात. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून रिकामे मशीन चालवावे. व्हिनेगर वारंवार वापरू नये. त्याने रबर खराब होऊ शकते.

पुढून दार असलेल्या मशीनच्या खालच्या कोपऱ्यात पंपाची गाळणी असते. मशीन बंद करून, प्लग काढून, खाली उथळ भांडे व फडके ठेवून ती हळूहळू उघडावी. आत अडकलेल्या पिना, नाणी, बटणे काढून ती धुवावी आणि घट्ट बसवावी. गरम पाण्याचे धुणे नुकतेच झाले असेल, तर पाणी निवेपर्यंत थांबावे. पाणी आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याची रेती तीत अडकते. तीही या वेळी पाहावी.

काळे डाग आणि ब्लीच

रबरावर मुरलेले काळे डाग फडक्याने जात नाहीत. मशीनच्या माहितीपुस्तिकेत ब्लीचला मुभा असेल, तर एक लिटर पाण्यात सुमारे ५० मिलिलिटर ब्लीच मिसळावे, हातमोजे घालून फडके त्यात भिजवावे आणि ते डागावर पाच मिनिटे ठेवावे. खिडकी उघडी असावी. नंतर जागा पुसून रिकामे मशीन साध्या पाण्यावर एकदा चालवावे. एवढे करूनही डागाची खूण राहू शकते. मात्र बुळबुळीतपणा व वास गेला, तर काम झाले असे समजावे.

येथे एक इशारा लक्षात ठेवावाच. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. आज लिंबूसत्त्व वापरले असेल, तर ब्लीचचे काम दुसऱ्या दिवशी, मधे मशीन साध्या पाण्याने खळबळून घेतल्यावरच करावे.

तरीही वास गेला नाही तर

सगळे करूनही वास राहिला, तर सांडपाण्याची नळी तपासावी. ती गटाराच्या पाइपात फार खोल घातलेली असल्यास किंवा तिच्याभोवतीची फट उघडी असल्यास गटाराचा वास वर येतो. अशा वेळी मशीन कितीही धुतले तरी उपयोग होत नाही; नळीची उंची आणि जोड प्लंबरकडून नीट करून घ्यावा. रबरी कडे फाटले असेल किंवा बुरशी त्यात आरपार मुरली असेल, तर ते बदलणेच इष्ट. घरात दम्याचा रुग्ण असल्यास हे काम लांबणीवर टाकू नये, कारण बुरशीच्या बीजाणूंनी दमा बळावू शकतो. साफसफाईही शक्यतो अन्य कोणी करावी.

चतुर्थी जवळ आली की पडदे, चादरी, सोवळ्याची वस्त्रे असे वर्षातील मोठे धुणे निघते. त्याच्या आदल्या दिवशी रिकामे मशीन एकदा गरम पाण्यावर चालवून रात्रभर दार उघडे ठेवावे आणि मगच ते धुणे मशीनमध्ये घालावे.